मदत हवी आहे: यूएटीतला बग की चेंज रिक्वेस्ट?

नमस्कार मंडळी. अंधेरीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत क्यूए (टेस्टर) म्हणून काम करते. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका होलसेल औषधवाल्यांसाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर केलंय आणि सध्या यूएटी (ग्राहकाने स्वतः वापरून बघायची शेवटची चाचणी) अडकलीय.

त्यांच्या काउंटरवरच्या काकांनी आमची स्क्रिप्ट (काय काय तपासायचं त्याची यादी) बाजूला ठेवली आणि पहिल्याच फटक्यात एक्स्पायरी रिटर्नची, म्हणजे मुदत संपून परत आलेल्या मालाची, एंट्री मारली. माल ऑगस्ट २०२५ मधला, म्हणजे १२ टक्के जीएसटीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या औषधाचा दर ५ टक्के झाला. क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद) मूळ बिलाच्या दरानेच निघायला हवी, पण आमचं सॉफ्टवेअर आयटम मास्टरमधला (मालाच्या मुख्य यादीतला) आजचा दर उचलतं. सिस्टम टेस्टिंगमध्ये हे सापडणार तरी कसं? आमच्या टेस्ट डेटात जुनी बिलंच नव्हती. (काकांना टेस्टर म्हणून पगार द्यायला हवा खरं तर!)

आता औषधांच्या दुकानाचे मालक म्हणतात हा बग आहे, फुकट दुरुस्त करा. आमचे मॅनेजर म्हणतात रिक्वायरमेंटमध्ये एवढंच लिहिलंय, 'रिटर्नची क्रेडिट नोट निघावी', तेव्हा ही चेंज रिक्वेस्ट, म्हणजे वेगळे पैसे घेऊन करायचा बदल. माझ्या मते कायद्याने जे लागतं ते न लिहिताही गृहीतच असतं, पण मीटिंगमध्ये माझं कोण ऐकतंय!

असा वाद तुमच्याकडे कसा मिटवता? बाकी मॉड्यूल्सवर कंडिशनल साइन-ऑफ (अटीसह लेखी मंजुरी) घेऊन हा मुद्दा उघडा ठेवला तर पुढे अंगाशी येतं का? ॲक्सेप्टन्स क्रायटेरियाचा (काम कधी मान्य धरायचं त्या अटींचा) एखादा मराठी नमुना असेल तर प्लीज पाठवा, काकांना इंग्रजी फॉर्म नकोय.