डेटा एन्ट्रीपेक्षा फॉल-पिको बघा

ताई, दुपारचे दोन-तीन तास मोकळे असतात, थोडंफार शिवण येतं, तर डेटा एन्ट्रीचं काम घेऊ का असं तुम्ही विचारलंय. डिपॉझिट मागत असतील तर सरळ नाही म्हणा, काम देणारा आधी आपल्याकडूनच पैसे कशाला घेईल? त्यापेक्षा साड्यांना फॉल-पिको सुरू करा, म्हणजे खालच्या काठाला आतून कापडाची पट्टी (फॉल) लावायची आणि साडीच्या मोकळ्या कडा मशीनवर बारीक शिवून (पिको) द्यायच्या. ब्लाऊजसारखी मापाची कटकट नाही, फिटिंगवरून भांडणं नाहीत, आणि लग्नसराईत टेलरच हे काम बाहेर देतात, त्यामुळे आधी जवळच्या ब्लाऊजवालीकडे नाहीतर साडीच्या दुकानात विचारून बघा. फक्त कॉटनचा फॉल भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायचा, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो नि काठाला चुण्या पडतात, मग ती बाई परत कशाला येतेय! पैठणी किंवा सिल्क असेल तर फॉलची वरची कड हातानेच हेम करा, साडीचा एखादाच धागा उचलायचा म्हणजे सुलट बाजूला टाका दिसत नाही. याचे पैसे वेगळे सांगायचे, लोक देतात हो. पिकोचं मशीन लगेच घेऊ नका, सुरुवातीला बाहेरून करून आणा. आणि साडी हातात घेतानाच डाग-फाटकं गिऱ्हाइकासमोर बघून वहीत लिहून ठेवा.