किकडाउनला उशीर आणि गिअर घसरणं वेगळं

दादा, मांजरसुंब्याच्या चढाला उसाच्या दोन ट्रॉल्या ओलांडताना अॅक्सिलरेटर दाबला आणि ऑटोमॅटिक गाडी दोन सेकंद नुसतीच विचार करत बसली, हे तुम्ही लिहिलंय. सर्व्हिसवाल्यांनी 'नॉर्मल आहे' म्हणून परत पाठवलं. समोरून ट्रक येत असताना ते दोन सेकंद काय असतात, मला चांगलं ठाऊक आहे.

आधी एक बघा. पाय दाबल्यावर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) थांबून मग एकदम वर जातो आणि गाडी उचलते, की आरपीएम लगेच चढतो पण वेग वाढतच नाही? पहिलं असेल तर तो किकडाउनचा, म्हणजे पाय जोरात दाबल्यावर गिअरबॉक्सने आपोआप खालचा गिअर घेण्याचा, उशीर. मायलेजसाठी कंपन्या गिअरबॉक्सला लवकर वरच्या गिअरमध्ये टाकायला शिकवतात, मग खाली यायला वेळ लागतो. दुसरं असेल तर गिअरबॉक्समधला क्लच घसरतोय, गाडी पळवू नका.

माझी सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणारी ऑटोमॅटिक) आहे. गिअरबॉक्सचं 'लाइफटाइम ऑइल', बदलायची गरज नाही म्हणून ७० हजार किलोमीटर कुणी हातच लावला नव्हता. काढलं तर काळं, जळका वास. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, घाटात, भरल्या गाडीत ते टिकणार कसं? कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल घातलं, स्कॅनरने अॅडॅप्टेशन (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने शिकलेल्या सवयी) रीसेट केलं, बराच फरक पडला.

तुमची ड्राय क्लचची डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, क्लच ऑइलमध्ये न बुडालेले) असेल तर चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, त्याने क्लच तापतो, ब्रेक दाबा. आणि ओव्हरटेकच्या आधीच मॅन्युअलला घेऊन एक गिअर खाली टाका. मॉडेल कोणतं, किती चाललीय तेही सांगा.