मदत हवी आहे: जिउ-जित्सूच्या मोठ्या साखळीची शाखा नीट शिकवते का, हे कसं ओळखायचं?

तांबडा_पांढरा:

नमस्कार मंडळी, इथे ब्राझिलियन जिउ-जित्सू करणारं कोणी आहे का? आम्ही न्यू जर्सीत असतो, मला आणि लेकीला (वय ९) दोघांनाही क्लास लावायचाय. घराजवळ एका मोठ्या साखळीची शाखा आहे, नाव मुद्दाम देत नाही, उगाच कोणाची बदनामी नको. ट्रायल क्लास झाला. मॅट स्वच्छ, लोक गोड बोलतात, भिंतीवर ब्राझीलच्या मोठ्या मास्तरांचे फोटो, आणि घाम पुसायच्या आत टॅबलेट हातात, वर्षाचं काँट्रॅक्ट, इथे सही करा. म्हटलं घरी विचारून सांगतो.

लहानपणी कोल्हापुरात तालमीत जायचो त्यामुळे अंगाला माती लागलेली आहे, पण ती नजर इथे चालत नाहीये. कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला, इथे माणूस आपणहून पाठीवर पडतो, पायांनी समोरच्याला आवळून धरतो (याला गार्ड म्हणतात म्हणे) आणि तिथूनच त्याचा हात नाहीतर गळा धरतो. वस्ताद कसा आहे ते त्याच्या पोरांच्या कुस्त्या बघून अख्ख्या पेठेला कळायचं, इथे मी कोणाला विचारू?

तर क्लासला तीसेक माणसं होती, शिकवायला पर्पल बेल्ट (पट्ट्यांचा क्रम व्हाइट, ब्लू, पर्पल, ब्राउन, ब्लॅक), मालक ब्लॅक बेल्ट आहे पण तो काउंटरवर. आठवड्याचा अभ्यासक्रम आधीच छापून लावलेला. तीन टेक्निक दाखवल्या, प्रत्येक टेक्निक जोडीदारावर करून बघायची आणि जोडीदार मढ्यासारखा पडून. खरी झटापट, म्हणजे रोलिंग, नवीन लोकांना काही महिने नाही. रेडिटवर वाचायला गेलो तर निम्मे म्हणतात मॅकडोजो (नुसते पैसे घेऊन पट्टे वाटणारा क्लास) आहे पळा, निम्मे म्हणतात आमच्या शाखेसारखी शाखा नाही. पर्पलने शिकवणं चालतं का, मुलांच्या क्लासात काय बघायचं, आणि मुळात साखळीच्या नावावर किती भरवसा ठेवायचा?

गुडघेदुखी:

ब्राउन बेल्ट आहे, आधी साखळीत होतो, आता एका छोट्या जिममध्ये. नावाचं आधी सांगतो. ग्रेसी बारा घ्या, कार्लोस ग्रेसी ज्युनियरने १९८६ मध्ये रिओच्या बारा दा तिजुका भागात सुरू केली म्हणून बारा, आज जगभर शेकडो शाखा आहेत. तिथे अभ्यासक्रम वरून येतो, गी (सरावाचा जाड सुती पोशाख) पण त्यांचाच घालायचा, म्हणजे तुमची बदली दुसऱ्या देशात झाली तरी बेसिकचा क्लास ओळखीचा वाटेल. उलट काही टीममध्ये संलग्न असणं म्हणजे भिंतीवर लोगो आणि अधूनमधून मोठे सर येऊन सेमिनार घेऊन जाणार, बाकी आत काय शिकवायचं ते मालकाच्या मनावर. पण दोन्हीकडे शाखा शेवटी त्या मालकाचीच असते. मुख्यालयातला वर्ल्ड चॅम्पियन काही तुमच्या लेकीला आर्मबार (कोपर उलटं दाबायचा डाव) शिकवायला येणार नाही. नावावरून फार तर एवढंच कळतं की ब्लॅक बेल्ट बहुतेक खरा असेल, आणि तेही सरळ विचारा, तुम्हाला ब्लॅक कोणी दिला? या खेळात हे विचारणं कोणी उद्धटपणा समजत नाही. आढेवेढे घेतले तर चप्पल घाला आणि निघा.

पर्पलला कमी समजू नका. आयबीजेजेएफच्या (या खेळाची मोठी आंतरराष्ट्रीय संघटना) नियमाने ब्लूवर साधारण किमान २ वर्षं काढल्याशिवाय पर्पल नाही आणि बहुतेकांना त्याहून जास्तच लागतात. बेसिक क्लास पर्पलने घेणं सगळीकडे चालतं. दाखवून झाल्यावर तो काय करतो ते बघा. प्रत्येक जोडीपाशी जाऊन कोपर इथे नको तिथे ठेव असं हाताला धरून सांगतो, की टायमर लावून मोबाइल बघतो? आणि एक प्रश्न टाकून बघा, समोरच्याने हात मागे ओढला तर काय करायचं? चांगला माणूस लगेच दाखवेल, किंवा म्हणेल ते पुढे येणार आहे, आत्ता एवढंच पक्कं कर. 'नीट केलंस तर तो ओढूच शकत नाही' असं उत्तर आलं तर मला तरी शंका येईल.

मढ्यासारखा जोडीदार पहिली पाच मिनिटं ठीक, तासभर तेच असेल तर ती कवायत झाली. नवीन माणसाला फुल रोलिंग उशिरा देण्यात मला वावगं वाटत नाही (बरगडी गेली की शिंकताना कळतं) पण मधला प्रकार असतो, पोझिशनल स्पारिंग, म्हणजे तो तुमच्या छातीवर माउंटमध्ये, तुम्ही सुटायचं, त्याने टिकायचं, वेळ संपली की अदलाबदल. हे पहिल्या आठवड्यातही करता येतं. तुमच्या लेव्हलच्या कुठल्याच क्लासात हे होत नसेल तर मी सही करणार नाही.

अजून एक, त्यांचा अ‍ॅडव्हान्स क्लास बसून बघा. तिथेच व्हाइटपासून वाढलेले ब्लू, पर्पल किती दिसतात? नुसते व्हाइट आणि वर दोन ब्लॅक, मधलं कोणीच नाही, तर लोक टिकत नाहीयेत.

ओवीची_आई:

मुलांचं मी सांगते दादा. १६ वर्षांच्या आत ब्लू मिळतच नाही, मुलांचे पट्टे वेगळे, पांढरा, करडा, पिवळा, केशरी, हिरवा, आणि पट्ट्यावर स्ट्राइप पटापट मिळतात त्यामुळे त्यावर जाऊ नका. पूर्ण क्लास बघा, पकडापकडी आणि डॉजबॉलमध्ये किती वेळ जातो, जोड्या वजन बघून लावतात का, आणि एकाने टॅप केल्यावर (थाप मारून हार मानल्यावर) दुसरा तत्क्षणी सोडतो का. आमच्याकडे एका मुलाने क्षणभर उशीर केला तर सरांनी सगळा क्लास थांबवला होता, तेव्हाच मी निश्चिंत झाले. पालकांना बसू देत नसतील तर तिथूनच नमस्कार. नखं तपासतात का तेही बघा, आणि गजकर्ण झालेल्या मुलाला घरी पाठवतात का, मॅटवर ते फार पटकन पसरतं.

डॅलसचा_पुणेकर:

काँट्रॅक्ट घरी आणून वाचा. दुखापत झाली तर फ्रीझ होतं का, घर बदललं तर सुटका आहे का, बेल्टची वेगळी फी, गी कितीला. तोंडी जे सांगतील ते ईमेलवर मागा. आणि कुस्ती केलीय म्हणून पहिल्याच दिवशी जोर लावू नका, लोक दुसऱ्या दिवशी मोठमोठे ब्लू बेल्टवाले तुमच्या अंगावर सोडतात :)

तांबडा_पांढरा:

सगळ्यांचे आभार, ताई ते नखांचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. आज फोन केला, थोडे जास्त पैसे देऊन महिन्या-महिन्याने पण घेतात म्हणाले, हे ट्रायलच्या दिवशी कोणी बोललं नव्हतं. अ‍ॅडव्हान्स क्लास बघायला या म्हणालेत, जातो आणि इथे लिहितो. गुडघेदुखी, एडिसनच्या आसपास रविवारचा ओपन मॅट (शिकवणी नाही, नुसता मोकळा सराव) असलेली एखादी जिम माहितीये का, जिथे बाहेरच्या नवख्यालाही येऊ देतात?