मदत हवी आहे: म्युनिकहून आइंडहोवनला शिफ्ट होतोय, नवरा इटालियन

नमस्कार मंडळी, नवऱ्याला आइंडहोवनला जॉब लागलाय, तो ईयू नागरिक, माझा पासपोर्ट भारतीय. माझं जर्मनीतलं रेसिडेन्स कार्ड (राहण्याचा परवाना) तिकडे राहायला चालत नाही, २००४ च्या ईयू डायरेक्टिव्हप्रमाणे (युरोपियन युनियनचा नियम) नेदरलँड्समध्ये नव्याने अर्ज करायचा आणि निर्णयाला ६ महिने लागू शकतात एवढं कळलंय. पण आमचं मॅरेज सर्टिफिकेट गावच्या ग्रामपंचायतीचं, पूर्ण मराठीत, त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) नाही, आणि आई गावी एकटीच, तिला मंत्रालयाच्या खेपा घालायला लावायचं जिवावर येतंय. कुणी इथे बसून एजंटकडून करून घेतलंय का? भाषांतर आधी की अपोस्टिल आधी? आणि कार्ड हातात येईपर्यंत नोकरीचा हक्क असतो म्हणे, पण कंपन्या खरंच घेतात का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, घाई आहे हो.