स्क्रीन भरून 'व्हायरस सापडला' येतंय, फॉरमॅट मारावा लागेल का?

यावलकर
विंडोज १० आहे. सातबारा शोधताना एका लिंकवर क्लिक झालं आणि स्क्रीनभर निळं पान आलं: कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा. सोबत भोंगा. फुली कुठेच दिसेना, शेवटी पॉवर बटणाने बंद केला. आता कोपऱ्यात सारखं 'अँटीव्हायरस संपला' येतंय.

भुसावळ_हार्डवेअर
फॉरमॅट नको भाऊ. ते पान म्हणजे नुसती वेबसाइट. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पुन्हा आलं तर एस्केप दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसतं टिचकवून उपयोग नाही, त्या पानाने कीबोर्ड धरलेला असतो. तरी हटलं नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, टास्क मॅनेजरमध्ये क्रोम निवडून एंड टास्क. क्रोम परत उघडल्यावर 'रिस्टोअर' दाबू नका, तेच पान उभं राहील.

कोपऱ्यातल्या सूचनांचं मूळ वेगळं. 'रोबोट नसाल तर अलाउ दाबा' असं कुठेतरी दाबलं गेलंय. नीट बघा, सूचनेवर क्रोमचं नाव आणि अनोळखी साइटचा पत्ता असेल. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा. परवानगी दिलेल्या यादीतलं अनोळखी सगळं काढा. एक्स्टेन्शन्सही (क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्राम) तपासा.

धुळेकर_ताई
दादा, त्या नंबरवर फोन केला होता का? सगळं त्यावर आहे. एनीडेस्कसारखं (दुसऱ्याला लांबून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप) काही टाकायला लावलं असेल तर आधी नेट तोडा. बँकेचे पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून नाही, मोबाइलवरून बदला. पैसे गेले असतील तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, ताबडतोब फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार झाली तरच अडवता येते.

यावलकर
फोन नाही केला. यादीत चार साइट निघाल्या, काढल्या. सूचना थांबल्या.

भुसावळ_हार्डवेअर
मग एकदा विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) ऑफलाइन स्कॅन लावा. आधी उघडं काम सेव्ह करा, मशीन रीस्टार्ट होतं, साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज सुरू होण्याआधी तपासतो, त्यामुळे लपलेलंही सापडतं. आणखी एक: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) आहे का बघा, असेल तर ११ चा विचार करा. क्रॅक केलेलं विंडोज मात्र टाकू नका, त्या अ‍ॅक्टिव्हेटरसाठी (फुकटात विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) लोक डिफेंडर स्वतःच्या हाताने बंद करतात.

धुळेकर_ताई
सातबारा गुगलवर शोधून वरच्या जाहिरातीवर क्लिक करू नका. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, ते बघा आणि ते पान बुकमार्क करून ठेवा.