हीट पंप: युनियन ५० ची, पाइप दीड इंची. शनिवारच्या आत उत्तर हवं

विनय, गुरुवार सकाळ

सर्वांना नमस्कार.
हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता घेऊन पोहायच्या पुलाचं पाणी तापवणारं मशिन, काल आलं. नऊ किलोवॉट, इन्व्हर्टर, टायटॅनियम एक्स्चेंजर, बैठकीत ठरलं तेच. सोबतच्या दोन्ही युनियन (पाइप जोडायचे, आवळून-सोडवता येणारे सांधे) ५० मिमीच्या निघाल्या. प्लंबरने आणलेला दीड इंची यूपीव्हीसी त्यात खुळखुळतोय. तो म्हणतो, सोल्युशनचे दोन हात देऊ, वरून एमसील भरू, काही होत नाही. शनिवारी सकाळी जोडायचंय, त्याच्या पुढच्या रविवारी मुलांची पहिली बॅच. करू देऊ का? पूल तोच, १५ फुटी गोल, ४ फूट उंच. कव्हर अजून आलेलं नाही.

बाळकाका, गुरुवार सकाळ

विनय, एमसीलचा डबा त्याच्या पिशवीतून बाहेर येऊ देऊ नकोस.

प्लंबिंगच्या दीड इंची यूपीव्हीसीचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी. ते अमेरिकन माप. युनियन मेट्रिक, पूर्ण ५०. मधे पावणेदोन मिलिमीटरची फट राहते. सोल्युशन म्हणजे फट बुजवायचा मसाला नव्हे. ते दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, आणि त्यासाठी पाइप सॉकेटमध्ये घट्ट, दाबूनच जायला हवा. फटीत भरलेलं सोल्युशन वाळताना आक्रसतं. मग पंप रोज चालू-बंद, पाइप दुपारी तापलेला, रात्री गारठलेला. महिन्याच्या आत थेंब सुरू होतो. त्या वेळी पाइप कापता येईल, पण मशिनसोबतची युनियन सोल्युशन लावून खराब झालेली असेल आणि ती सुटी शोधत फिरावं लागेल.

५० चा पाइप इंदुरात मिळतो. सॅनिटरीच्या दुकानात नाही, शेतीच्या पाइपवाल्याकडे. शेतीचा पीव्हीसी, अंगावर आयएस ४९८५ छापलेला, मेट्रिकच असतो: ५०, ६३, ७५. सियागंजात विचार. ६ किलो प्रेशरचा घे. ४ किलोचा दोन पैसे स्वस्त आहे, पण भिंत पातळ, टोक जरा जरी चेपलेलं असलं तरी सांधा नीट बसत नाही. साधारण तीन मीटर पाइप, दोन टी, चार एल्बो, तीन बॉल व्हॉल्व्ह. सगळं ५० चं, सगळं एकाच दुकानातून. एक एल्बो प्लंबिंगचा घुसला की पुन्हा हेच रामायण.

फिल्टरपर्यंतचं काम त्याने दीड इंचीत करून टाकलं असेल तर तोडू नका. दीड इंची आटे दोन्ही जातींत सारखेच. इकडून आट्याचा बाहेरचा अडॅप्टर, तिकडून आतला, मधे टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे. हाताने आवळून वर एक फेरा, दीड फार झाला. पान्याने जोर केला तर आतल्या आट्याचा सॉकेट उभा चिरतो, आणि ती चीर पाणी सोडेपर्यंत दिसत नाही.

हेमंत, गुरुवार दुपार

पाइपाचं काका बघतील. विजेला प्लंबरने हात लावायचा नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो.

मशिन चालताना दीड ते दोन किलोवॉट घेईल, म्हणजे सात ते नऊ अँपिअर. तरीही डीबीपासून (मुख्य वीजपेटीपासून) स्वतंत्र लाइन हवी. हॉलच्या मागून ३० मीटरच्या आसपास केबल जाईल, २.५ चौ. मिमी तांबं पुरतं, ४ घेतली तर उन्हाळ्यात व्होल्टेज पडल्यावर बरं. वर १६ अँपिअर सी कर्व्हचा ३० मिलिअँपिअर आरसीबीओ, म्हणजे जादा करंट आणि विजेची गळती दोन्हींवर तुटणारा स्विच. स्वयंपाकघराच्या आरसीसीबीवर (फक्त गळतीवर तुटणाऱ्या स्विचवर) टाकू नका. इन्व्हर्टर मशिनमध्ये फिल्टर असतो, त्यातून विजेची थोडी गळती कायमची असते. त्यात फ्रिज आणि मोटरची गळती मिळाली की दोष कुठेच नसताना ट्रिप होतं. मग कोणीतरी शहाणा आरसीसीबी बायपास करतो. पाण्यात मुलं असतील, ते होता कामा नये.

मशिन, सॉकेट, स्विच सगळं पाण्याच्या काठापासून साडेतीन मीटर बाहेर. पुलाची स्टीलची फ्रेमही अर्थिंगला जोडायची, ती मी शनिवारी येऊन जोडतो.

प्रसाद, गुरुवार संध्याकाळ

तीन व्हॉल्व्ह कशाला? एवढ्याशा पंपाला बायपास करायचं म्हणजे आधीच कमी असलेला प्रवाह आणखी वाटून टाकायचा. फिल्टरमधून सरळ मशिन, मशिनमधून पूल. दोन टी आणि तीन व्हॉल्व्हचे पैसे वाचतील, गळायच्या जागाही कमी.

आणि नऊ किलोवॉट मोठंच घेतलंय असं अजूनही वाटतं. पाच पुरलं असतं.

बाळकाका, गुरुवार रात्र

प्रसाद, प्रवाहाचं तुझं बरोबर आहे, म्हणून तर मधला व्हॉल्व्ह बहुतेक वेळा पूर्ण बंदच राहील. बायपास लागतो तो दुसऱ्या कामाला. क्लोरीनचा मोठा डोस टाकला, पीएच चुकला, मशिन साफ करायला काढलं की त्याच्या दोन्ही बाजू बंद करून मधला उघडायचा, फिल्टर चालू राहतो. नाहीतर एका युनियनच्या वॉशरसाठी १७ हजार लिटरचं फिल्टरिंग दोन दिवस बंद आणि तिसऱ्या दिवशी हिरवं पाणी.

आता नऊ की पाच. पुलात पाणी साधारण १७,००० लिटर. हजार लिटर एक अंशाने तापवायला १.१६ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते, यात घासाघीस नाही. जानेवारीत पाणी १९ ला आहे धरू, मुलांना २८ हवं. नऊ अंश, म्हणजे १७८ युनिट. मशिनवरचा नऊचा आकडा मात्र २६ अंशांच्या दमट हवेतला आहे. पत्र्यावरची दुसरी ओळ वाचा, १५ अंश हवेची. तिथे सहा-साडेसहाच उरतात. पाचवालं त्याच हवेत साडेतीनवर आलं असतं. रात्री कव्हर घालूनही पूल एक-दीड अंश उतरतो, म्हणजे वीस ते तीस युनिट. पाचवाल्याचा निम्मा दिवस तेवढं भरून काढण्यातच गेला असता.

आपल्याकडे बरी गोष्ट ही की जानेवारीत रात्री दहा अंशांच्या आसपास असल्या तरी दुपारी पंचविशी गाठते. म्हणून रात्री चालवूच नका. पहिल्या तापवणीला सकाळी ८ ते रात्री १०, साधारण तीन दिवस. बॅच रविवारी, तर गुरुवारी सकाळी चालू करा. एकदा २८ आलं की रोज ११ ते ४ पुष्कळ झालं, आणि हॉलच्या छतावरच्या पॅनेलची वीज त्याच वेळी येते. चांगल्या दुपारी एक युनिट विजेत पाच युनिट उष्णता मिळते. पहाटे सातला तेच मशिन तीनवर येतं आणि वर कॉइल गोठते ती वेगळीच.

नाना, ग्वाल्हेर (लश्कर), शुक्रवार सकाळ

इंदूरकरांनो, हे दुपारचं गणित आम्हांला सांगू नका. इथे धुकं धरलं तर बारा वाजेपर्यंत सूर्य दिसत नाही आणि दिवसाचं तापमान पंधराच्या पुढे सरकत नाही. हवा गार आणि ओली, कॉइलवर बर्फ ठरलेला. आमच्यासारख्यांनी चार वाटांच्या व्हॉल्व्हने उलटं फिरून बर्फ वितळवणारं मशिनच घ्यावं. साधी स्वस्त मशिनं दहा अंशांखाली नुसता पंखा फिरवत बसतात. क्षमताही एक पायरी वरची, १५ अंशांची ओळ बघूनच.

कॉइलवरून पाणी ठिबकतं ते गळती समजून कोणी मशिन उघडू नका. कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता पाण्याचा पंप चालवा. तासाभरात ठिबकणं थांबलं तर हवेतलं पाणी होतं. शंका असेल तर क्लोरीनची पट्टी त्या थेंबाला लावा. रंग आला तर मात्र खरी गळती.

प्रसाद, शुक्रवार सकाळ

नाना, मग लश्करात जानेवारीत पूल तापवायचाच कशाला! गच्चीवरचे काचेच्या नळ्यांचे सोलर बंब दोन जोडून टाकायचे, विजेचा प्रश्नच नाही.

शुभदाताई, शुक्रवार दुपार

प्रसाद, २०० लिटरचा बंब उन्हाळी दिवसात २०० लिटर पाणी पस्तीस अंशांनी चढवतो. ते झाले आठ युनिट. रात्रीची घट तीसपर्यंत. चार बंब लागतील, तेही फक्त घट भरायला, आणि धुक्यात तेही नाही. शिवाय पुलाचं क्लोरीनचं पाणी थेट त्या टाकीत फिरवलं तर आतलं स्टील आणि नळ्यांच्या रबरी रिंगा एका हंगामात जातात. सोलर करायचंच तर काळ्या चटया, पुलाच्या क्षेत्रफळाच्या निम्म्यापासून पूर्णापर्यंत, म्हणजे आठ ते सोळा चौरस मीटर. गच्चीवर जागा पॅनेलनी घेतली. विषय संपला.

जुन्या एसीच्या बाहेरच्या युनिटला तांब्याची कॉइल जोडून पाण्यात सोडायची टूमही परवा कोणीतरी काढली होती, भिया, ते तर नकोच. क्लोरीनने तांबं झिजतं, पाण्याला आणि लायनरला हिरवट डाग पडतात, आणि कॉइलला भोक पडलं की पाणी थेट कॉम्प्रेसरमध्ये.

माझा मुद्दा गोळ्यांचा आहे. क्लोरीनच्या गोळ्या स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) टोपलीत टाकायची सवय आहे आपल्या पोरांना. पंप बंद असताना गोळी तिथेच विरघळत बसते. पंप चालू झाला की ते आम्ल पाणी फिल्टरमधून सरळ मशिनमध्ये जातं. टायटॅनियम टिकेल, पण फ्लो स्विचचे (पाणी वाहतंय का ते बघणाऱ्या स्विचचे) भाग आणि रबरी वॉशर टिकणार नाहीत. क्रम असा ठेवा: पंप, फिल्टर, हीट पंप, त्यानंतर गोळ्यांचा फीडर, मग पूल. फीडर आणि मशिनच्या मधे चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येणार नाही. पीएच ७.२ ते ७.६. भरण नर्मदेच्या पाण्याचं करा, बोअरचं नको. बोअरचं जड पाणी तापलं की पांढरा थर धरतं. टँकरवाल्याला कोणतं पाणी ते आधी विचारा, नंतर नाही.

पाइपांचं बिल माझ्याकडे द्या, तोंडी हिशेब नकोत. गणपतीत जे झालं ते पुरे.

विनय, शुक्रवार रात्र

५० चं सामान मिळालं, ६ किलोचंच. सगळं सियागंजात एकाच दुकानात. बिल ताईंना पाठवलंय.

नवा प्रश्न. मशिनच्या पुस्तकात किमान प्रवाह ताशी ३ हजार लिटर लिहिलाय. आपल्या पंपावर ५,७०० छापलंय, म्हणजे भरपूर. पण परतीच्या तोंडाशी २० लिटरची बादली भरायला २७ सेकंद लागले. हे बरोबर आहे का?

बाळकाका, शनिवार पहाट

पंपावर छापलेला आकडा कोणताही अडथळा नसतानाचा असतो. बादलीचा खरा. २० लिटर २७ सेकंदांत म्हणजे ताशी २,६०० च्या आसपास. एवढ्यावर मशिनचा फ्लो स्विच कधी लागेल कधी सुटेल, दर दहा मिनिटांनी प्रवाहाची एरर दाखवेल, आणि मग सगळे मशिनलाच शिव्या घालतील.

जोडण्याआधी हे करा. फिल्टरमधलं कार्ट्रिज (गाळणीची नळकांडी) काढून तीच बादली पुन्हा भरा. सतरा-अठरा सेकंदांत भरली तर ताशी चार हजार येतात, दोष कार्ट्रिजचा. धुऊन उपयोग नाही, सनस्क्रीन आणि तेल घड्यांत बसलेलं असतं, नवं घाला. काढूनही पंचवीसच्या खाली आली नाही तर पाइप बघा. कुठेतरी ३२ चा होज घातलेला असेल, किंवा कोपऱ्यावर मुडपलेला. ३८ चा लावा आणि छोटा करा. मशिन पुलापासून लांब नेताना होजऐवजी ५० चा कडक पाइप वापरला तर प्रवाह वाचतो. एवढं करूनही तीन हजारांवर गेलं नाही तर पंपच बदलायला लागेल, पण तिथवर जाईल असं वाटत नाही.

आणि सोमवारी फोन येईल म्हणून आत्ताच सांगतो: परतीचं पाणी हाताला गरम लागणार नाही. नऊ किलोवॉट आणि ताशी चार हजार लिटर, तर फरक दोन अंशांहूनही कमी. तसाच हवा. चार-पाच अंश गरम येत असेल तर प्रवाह कमी पडतोय आणि मशिन उगाच जोर करतंय.

हेमंत, शनिवार सकाळ

मी दहाला पोचतो, केबल माझ्यासोबत आहे. मशिनची जागा पंपाच्या पत्र्याच्या खोलीत ठरवलीय असं प्लंबर फोनवर म्हणाला. तिथे नाही. पंखा समोर गार हवा फेकतो. समोर अडीच-तीन मीटर मोकळं, मागे अर्धा मीटर. खोलीत तीच गार झालेली हवा पुन्हा आत ओढेल आणि अर्ध्या तासात कॉइल गोठेल. बाहेर, फरशीवर, चार रबरी पॅड, जमिनीपासून चार-पाच इंच उंच, पाणी वाहून जायला उतार. कडुलिंबाखालीही नको, पाला सगळा मागच्या जाळीत जातो. मशिन बुधवारी आडवं आलं होतं का? आलं असेल तरी आता तीन दिवस उभं आहे, कॉम्प्रेसरचं तेल खाली बसलं.

चालू करताना आधी पाण्याचा पंप, मग मशिन. बटण दाबल्यावर तीन-चार मिनिटं काहीच होत नाही, कॉम्प्रेसर उशिरा लागतो. तेवढ्यात कोणी तीनदा चालू-बंद करू नये.

शुभदाताई, शनिवार सकाळ

कव्हर कुरिअरच्या ऑफिसात पडलंय, मी उचलते. कापताना बुडबुड्यांची बाजू खाली, आणि कडेला दोन इंच जास्त ठेवा, उन्हाने आक्रसतं. त्याशिवाय गुरुवारी मशिन लावू नका. उघड्या पुलाची बहुतेक उष्णता पृष्ठभागावरूनच वाफ होऊन जाते, बिल मग माझ्याकडे येतं.

कार्ट्रिज एक घेताय की दोन? दोनच घ्या, त्याच बिलात.