निर्गुडीचा अर्क, केबी सेल्स आणि एमटीटीची उलटी रीडिंग: बीएस्सी प्रोजेक्टसाठी मदत हवी

निपाणी_बीएस्सी:
नमस्कार. गाव निपाणी, शिक्षण बेंगळुरूच्या एका ख्रिश्चन विद्यापीठात, बीएस्सी शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट असा: निर्गुडीच्या पानांचा मेथॅनॉल अर्क, तोंडाच्या कॅन्सरच्या केबी सेल्स, ४८ तास, मग एमटीटी (जिवंत सेल्स हा पिवळा रंग जांभळा करतात, त्यावरून त्या मोजायच्या). स्टॉक (अर्काचा दाट साठा) डीएमएसओ या द्रावकात ५० मिग्रॅ/मिली, सगळ्यात वरचा डोस ५०० मायक्रोग्रॅम/मिली. खालच्या डोसला सेल्स कमी होतात, पण वरच्या दोन डोसना व्हायबिलिटी (जिवंत सेल्सचं प्रमाण) ११५-१२० टक्के येते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये कडेच्या वेल्सचा (खळग्यांचा) आणि मधल्या वेल्सचा मेळ बसत नाही. तीन वेळा करून आयसी५० (निम्म्या सेल्स मारणारा डोस) तीन वेगळे आले. हातात सात आठवडे आहेत.
दुसरं म्हणजे डिग्रीसाठी ३० तास समाजसेवा सक्तीची आहे. ती निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये करून त्यांची तंबाखूची माहिती प्रोजेक्टमध्ये घालता येईल का? आणि ही बिघडलेली रीडिंग गाईडना दाखवायची की आधी दुरुस्त करायची?

कडेची_वेल:
१२० टक्क्यांचं कारण बहुतेक अर्कातच आहे. पानांतले पॉलिफेनॉल्स एमटीटीला स्वतःच रिड्यूस करतात, म्हणजे जांभळं करतात, त्यामुळे सेल्स मेल्या तरी वेल जांभळी दिसते. खात्री एका दिवसात होते: सेल्स न घालता फक्त मीडियम, अर्क आणि एमटीटी घालून ३ तास ३७ अंशांवर ठेवा. जांभळं झालं की चोर सापडला. मग दर वेळी एमटीटी घालण्याआधी अर्काचं मीडियम हलक्या हाताने काढा, पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावणाने) एकदा धुवा आणि ताज्या मीडियममध्ये ०.५ मिग्रॅ/मिली एमटीटी द्या. धुताना सैल झालेल्या सेल्स वाहून जातात आणि आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो, म्हणून दोन डोसना तरी ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या सेल्स निळ्या करणाऱ्या रंगाने) मोजून पडताळा.

तुमच्या हिशोबाने वरच्या डोसला डीएमएसओ १ टक्का होतो. हे जास्त आहे. स्टॉक १०० मिग्रॅ/मिली करा, वरचा डोस २०० वर आणा, म्हणजे ०.२ टक्के राहील. तेवढाच डीएमएसओ प्रत्येक डोसला आणि कंट्रोललाही (अर्क नसलेल्या वेल्सनाही) हवा. पातळ केल्यावर मायक्रोस्कोपखाली बघा. गाळ दिसला तर तो डोस मोजूच नका.

कडेच्या ३६ वेल्समधलं पाणी उडतं. त्यांत २०० मायक्रोलिटर पीबीएस भरा आणि काम आतल्या ६० वेल्समध्येच करा. सेल्स घातल्या की प्लेट लगेच इन्क्युबेटरमध्ये ढकलू नका. २०-३० मिनिटं टेबलावर सपाट राहू द्या, नाहीतर सेल्स एका बाजूला गोळा होतात.

पॉझिटिव्ह कंट्रोलला (तुलनेसाठी, सेल्स नक्की मारणारं औषध) सिस्प्लॅटिन वापरत असाल तर ते डीएमएसओत कधीच विरघळवू नका, निकामी होतं. ०.९ टक्के सलाईनमध्ये करा. एका प्लेटमधल्या तीन वेल्स म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळा दिवस, वेगळा पॅसेज (सेल्सची नव्याने वाढवलेली खेप), असे तीन हवेत.

सेललाईन_ताई:
वरचं सगळं बरोबर, पण त्याआधीची चूक मोठी आहे. केबी ही तोंडाच्या कॅन्सरची सेल लाइन नाही. नोंद तशी झाली होती, पण पुढे तपासल्यावर ती हेलाने दूषित निघाली. हेला म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या पेशी. त्यांत एचपीव्ही-१८ हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी जोडलेला विषाणू आहे. तंबाखू-सुपारीने होणाऱ्या कॅन्सरचं उत्तर त्यांच्यावर शोधलंत तर निष्कर्षच वेगळ्या रोगाचा निघेल. जुने पेपर केबीला 'ओरल' म्हणतात म्हणून तुम्हीही लिहू नका.
जमलं तर कॅल-२७ (जिभेचा कॅन्सर) मागवा. पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेकडे सेल रिपॉझिटरी (सेल लाइन्सचा साठा) आहे, आधी त्यांची यादी बघा. वेळेत मिळाली नाही तर केबीवरच करा, पण शीर्षकातून 'तोंडाचा कॅन्सर' काढा आणि कारण स्पष्ट लिहा. मायकोप्लाझ्माची (सेल्समध्ये लपून वाढणाऱ्या जिवाणूंची) टेस्ट मात्र आजच लावा. आयसी५० दर वेळी हलतो त्याचं तेही एक कारण असू शकतं.

खानापूर_रोड:
समाजसेवेबद्दल. माहिती गोळा करून प्रोजेक्टमध्ये घालायची असेल तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, मागाहून मिळत नाही. सात आठवड्यांत ते जमणं कठीण, म्हणून माहिती घेऊ नका, द्या. मिरजेत १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉनलेसांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं, त्याचा वारसा अजून आपल्या भागाला माहीत आहे. ख्रिश्चन संस्थांच्या सेवेची ही परंपरा मनात असू द्या.

'तंबाखू खाता का' असं विचारलंत तर बायका नाही म्हणतील, कारण मशेरीला त्या तंबाखू धरत नाहीत. 'मशेरी लावता का?' असं नाव घेऊनच विचारा. कन्नड बोलणाऱ्यांना होगेसोप्पु (तंबाखू) आणि अडिके (सुपारी) हे शब्द वापरा. आरशात बघायला शिकवा: न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांनंतरही न भरलेली जखम, तोंड उघडल्यावर उभी तीन बोटं मावत नाहीत, यातलं काही असलं तर डेंटल डॉक्टरांकडे. निदान तुम्ही करायचं नाही. फोटोही काढू नका.

आणि रीडिंग आजच दाखवा. वहीत खोडलेलं वाचता आलं पाहिजे, म्हणजे एकच रेघ, बाजूला तारीख आणि कारण. गाईडना 'बिघडलं' असं सांगू नका. 'वरच्या डोसला १२०, संशय अर्काच्या रिडक्शनचा, सेल्सविना वेल्स लावतोय' असं सांगा. अशा विद्यापीठांत मेंटॉरची भेट असते ती हजेरीपुरती उरकू नका. प्रयोग फसल्याचं त्यांच्यासमोर नीट मांडता येणं हीच तुमची या वर्षाची खरी कमाई.

निपाणी_बीएस्सी:
सेल्सविना वेल्स लावल्या. २५० आणि ५०० ला जांभळं झालं, १२५ ला नाही. शीर्षक बदलायचं गाईडनी मान्य केलं.

कडेची_वेल:
मग २०० ला काय होतं ते आधी सेल्सविना तपासा, त्यानंतरच पुढची प्लेट लावा.